डॉ. भाऊ दाजी लाड आणि कडू कवठीचे तेल : झाडपाल्याचा गुण आला, हे कसे ओळखायचे?

शहापूर-मुरबाडच्या बाजूला झाडपाला नाही असे घर सापडणे कठीण. परसात अडुळसा, बांधावर निर्गुडी, आंब्यावर चढलेली गुळवेल, डब्यात हिरडा, बेहडा आणि सुकवलेला आवळा. गुडघा दुखला की निर्गुडीचा पाला गरम करून बांधायचा, खोकला झाला की अडुळशाचा काढा घ्यायचा. यात वावगे काही नाही.

अडचण दुसरीकडे येते. पाठीवर किंवा दंडावर एक फिकट चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही. कोणीतरी पाल्याचा लेप देते, लाली कमी होते आणि घरचे निश्चिंत होतात. वर्षभराने त्याच माणसाची करंगळी वाकू लागते, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही. मग तपासणी होते आणि कुष्ठरोगाचे निदान होते.

लेपाने फरक पडला होता ना, मग असे कसे झाले? हा प्रश्न तुमच्या मनात येणे साहजिक आहे. दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतले एक मराठी डॉक्टर नेमक्या याच प्रश्नापाशी आले होते. त्यांचे नाव डॉ. भाऊ दाजी लाड. भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारचे वस्तुसंग्रहालय तुम्ही पाहिले असेल, तर हे नाव तुम्ही वाचलेले आहे. त्यांनी कुष्ठरोगावर एका झाडाचे तेल वापरले. त्यांच्या हातून काय साधले आणि काय राहून गेले, हे समजले तर घरातल्या झाडपाल्याकडे कसे पाहावे हेही समजते.

मुंबईत आलेला मुलगा

भाऊंचे मूळ नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. जन्म गोव्यातला, १८२२ च्या सुमाराचा. घरची परिस्थिती बेताची होती. वडील मुंबईत आले आणि मातीच्या बाहुल्या विकून संसार चालवू लागले. मुलगा बुद्धिबळात तरबेज होता. त्याची हुशारी एका इंग्रजाच्या नजरेत भरली आणि मुलाला इंग्रजी शिकवा असे त्याने वडिलांना सुचवले, असे सांगतात. भाऊ एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले.

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिक्षकाची नोकरी सोडून भाऊ त्याच्या पहिल्या तुकडीत दाखल झाले. प्रेताचे विच्छेदन करणे तेव्हा अनेक घरांत धर्मबाह्य मानले जाई. तरीही ते शिकले आणि १८५१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे डॉ. आत्माराम पांडुरंग त्याच तुकडीतले. धाकटे बंधू नारायण दाजी हेही ग्रँटमध्ये शिकून डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला. तिथे रोज मोठी गर्दी होई.

पोथ्यांतली औषधे तपासून पाहणारा डॉक्टर

भाऊंचे काम दवाखान्यापुरते नव्हते. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते पहिल्या चिटणिसांपैकी एक. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांचे नाव आहे. मुलींच्या शिक्षणासाठी ते झटले आणि त्यांच्या नावाची मुलींची शाळाही निघाली. जुने शिलालेख वाचणे, नाणी आणि हस्तलिखिते जमवणे हा त्यांचा ध्यास होता. १८६२ च्या गाजलेल्या महाराज लायबल खटल्यात एका वजनदार धर्मगुरूच्या लैंगिक आजाराबद्दल त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. १८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला तेव्हा इतर अनेकांप्रमाणे त्यांनाही मोठा फटका बसला. त्यानंतरही त्यांचे काम चालूच राहिले. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले.

तुमच्या-माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांचे औषधांचे काम. भाऊ पाश्चात्त्य वैद्यक शिकले होते आणि संस्कृतही जाणत होते. जुन्या ग्रंथांत ज्या वनस्पतींचे मोठे गुण सांगितले आहेत, त्या रुग्णांना देऊन खरेच काय होते हे त्यांना पाहायचे होते. जुने आहे म्हणून टाकाऊ किंवा जुने आहे म्हणून खरे, असे त्यांनी मानले नाही. त्यांचे सर्वाधिक लक्ष कुष्ठरोगाकडे होते. त्या काळी या आजाराचे निदान होणे म्हणजे घर, गाव आणि जात यांतून उठणे. डॉक्टरांपाशीही देण्यासारखे फारसे काही नव्हते.

कडू कवठ म्हणजे काय?

सह्याद्रीत आणि कोकणापासून केरळपर्यंतच्या दमट जंगलांत कडू कवठ नावाचे झाड आढळते. शास्त्रीय नाव हिड्नोकार्पस. फळ गोल, टणक सालीचे असते आणि आतल्या बियांतून तेल निघते. याच फळाचा वापर पाण्यातले मासे गुंगवून पकडण्यासाठीही होत असे. म्हणजे झाड औषधी आहे आणि विषारीही आहे. संस्कृतात याला तुवरक म्हणतात. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्रकिनाऱ्यावरच्या तुवरकाचा उल्लेख कुष्ठावरील औषध म्हणून येतो.

याच जातकुळीतल्या दुसऱ्या एका झाडाचे तेल चौलमोगरा या नावाने बंगालकडे वापरात होते. १८५४ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. मोआट यांनी त्याची माहिती इंग्रजी वैद्यकात आणली. इकडे मुंबईत १८६० च्या दशकात भाऊंनी कडू कवठीचे तेल कुष्ठरुग्णांना द्यायला सुरुवात केली. काही रुग्णांचे चट्टे आणि गाठी कमी झाल्या. त्याची बातमी पसरली आणि लांबलांबून माणसे येऊ लागली.

उपाय गुप्त राहिला

इथे भाऊंच्या चरित्रातला अवघड भाग येतो. आपल्या औषधात काय आहे हे त्यांनी बराच काळ उघड केले नाही. त्यावरून त्यांच्यावर टीका झाली. अपुऱ्या अनुभवावर औषधाचा गवगवा होऊ नये असे त्यांना वाटत असेल, किंवा अर्धवट माहिती घेऊन भलतेच लोक तेल विकू लागतील अशी भीती असेल. कारण काहीही असो, परिणाम एकच झाला. दुसऱ्या डॉक्टरांना तेच औषध, त्याच मात्रेत, आपल्या रुग्णांना देऊन पाहता आले नाही.

हे नुकसान मोठे का, ते नीट समजून घ्या. कुष्ठरोग हा फसवा आजार आहे. काही रुग्णांचे थोडेसे चट्टे उपचार न करताही हळूहळू पुसट होतात, पण गेलेली संवेदना परत येतेच असे नाही. काहींच्या अंगावर लाली आणि सूज येते आणि ओसरते. या काळात दिलेले कोणतेही औषध गुणकारी वाटू शकते. एका डॉक्टरने, एका दवाखान्यात, मनातल्या हिशेबावर केलेले निरीक्षण इथे पुरत नाही. अनेकांनी, उघडपणे, ठरलेल्या मात्रेत औषध द्यावे लागते आणि वर्षानुवर्षे रुग्णांवर लक्ष ठेवावे लागते.

भाऊ अप्रामाणिक नव्हते. त्यांनी गरिबांना फुकट औषध दिले. तरीही गुप्ततेमुळे त्यांचे काम जितके पुढे जायला हवे होते तितके गेले नाही. मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

भाऊंना न दिसलेला जंतू

१८७३ साली नॉर्वेतल्या बेर्गन शहरात डॉ. हॅन्सन यांना कुष्ठरुग्णाच्या गाठींत काडीसारखे सूक्ष्म जंतू दिसले. त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले १८७४ मध्ये, म्हणजे भाऊंच्या मृत्यूच्याच वर्षी. ग्रँट कॉलेजमध्ये शिकवलेले आणि कुष्ठरोगाचा अभ्यास करणारे डॉ. व्हॅन्डाइक कार्टर त्याच सुमारास नॉर्वेला जाऊन आले. प्रसिद्ध ग्रेज अ‍ॅनाटॉमी या पुस्तकातली चित्रे याच कार्टर यांनी काढलेली आहेत.

हा शोध लागेपर्यंत भाऊंजवळ मोजायला होते ते फक्त डोळ्यांना दिसणारे : चट्टा किती लाल, गाठ केवढी. आत जंतू आहे का, तो कमी झाला का, हे पाहण्याची सोयच नव्हती. आज ती आहे. म्हणूनच आज चट्टा फिका पडला एवढ्यावर समाधान मानणे परवडणारे नाही.

तेलाचे पुढे काय झाले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या तेलातली खास मेदाम्ले वेगळी काढली गेली. तेल पोटात घेतले की मळमळ आणि उलट्या होत. सुईने दिले तर ते घट्ट असल्याने नीट शोषले जात नसे आणि खूप दुखे. १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ महिलेने त्यापासून टोचता येईल असा प्रकार तयार केला. त्या वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी गेल्या. पुढची दोन-तीन दशके जगभरच्या कुष्ठरुग्णांना हीच इंजेक्शने दिली गेली. काहींना फायदा दिसला, अनेकांना दिसला नाही, आणि बऱ्या वाटलेल्या काहींचा आजार पुन्हा उलटला.

१९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधे आली आणि त्यातून डॅप्सोनची गोळी रुळली. केवळ डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले, तेव्हा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. हाच बहुविध औषधोपचार, म्हणजे एमडीटी. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन ही त्यातली औषधे. आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो. ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

मग कडू कवठीत गुण नव्हता का?

गुण होता, आणि लेखाचा मुख्य मुद्दा हाच आहे. कडू कवठीच्या बियांतून संशोधकांनी हिड्नोकार्पिन आणि त्यासारखे घटक वेगळे काढले. प्रयोगशाळेत त्यांच्यात अँटिऑक्सिडंट गुण दिसले, प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाह कमी करण्याचे गुणही दिसले. आज बाजारात कोणत्याही काढ्याच्या बाटलीवर जे दोन शब्द ठळक छापतात, ते दोन्ही या झाडाला लागू पडतात. तरीही या झाडाने कुष्ठरोग खात्रीने बरा झाला नाही.

याचे कारण सोपे आहे. शरीरात काही बिघडले की तिथे लाली, सूज, उष्णता आणि वेदना येते. याला आपण दाह म्हणतो. या प्रक्रियेत काही आक्रमक रेणू तयार होतात आणि ते आपल्याच पेशींना इजा करतात. त्यांना निष्प्रभ करणारा पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. हळद, आवळा, हिरडा, गुळवेल या सगळ्यांत असे पदार्थ आहेत. पण काचेच्या नळीत दिसलेला गुण पोटात गेल्यावर तसाच राहतो असे नाही. हळदीतला कर्क्युमिन हा घटक आतड्यातून फारच थोडा शोषला जातो. दुसरे म्हणजे, दाह हा बहुतेक वेळा आजाराचा परिणाम असतो. धूर कमी झाला म्हणजे आग विझली असे नव्हे.

कुष्ठरोगात तर उलटाही अनुभव येतो. एमडीटी सुरू असताना कधी कधी चट्टे अचानक लाल होतात, सुजतात, कोपराजवळची नस दुखते, ताप येतो. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंच्या अवशेषांशी लढत असते, त्यातून हा दाह होतो. घरच्यांना वाटते औषध उष्ण पडले. गोळ्या बंद होतात आणि थंडावा देणारा काढा सुरू होतो. इथेच हात-पाय कायमचे जातात. रिअ‍ॅक्शनमध्ये एमडीटी थांबवायची नसते. शिवाय नस वाचवण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टिरॉइड द्यावे लागते. नसेचे नुकसान होऊन सहा महिने व्हायच्या आत उपचार मिळाला तर गेलेली ताकद आणि संवेदना परत येण्याची चांगली शक्यता असते. उशीर झाला की ती कमी होत जाते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. घटक न सांगता विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत आणि मलमांत स्टिरॉइड मिसळलेले आढळते. त्यानेही लाली झटकन ओसरते. गुण पाल्याचा आला असे वाटते, आत जंतू वाढत राहतो.

गुळवेलीचा धडा

हा प्रश्न कुष्ठरोगापुरता नाही. करोनाच्या काळात गुळवेलीची मागणी खूप वाढली. शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांच्या गटाने वनधन योजनेतून मोठ्या औषध कंपन्यांना गुळवेल पुरवली. जंगलाची ओळख असलेल्या हातांना त्यातून रोजगार मिळाला, ही चांगलीच गोष्ट.

त्याच सुमारास मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे काही रुग्ण कावीळ होऊन आलेले दिसले. असे सहा रुग्ण त्यांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद उघडपणे झाला, म्हणून तुम्हाला सावध होता आले : वेल कोणती आहे याची खात्री हवी, महिनोन्‌महिने रोज घेऊ नये, आणि यकृताचा किंवा स्वप्रतिकारशक्तीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

तुम्ही काय करावे?

- अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श, गरम-गार किंवा टोचलेले कळत नसेल, तर लेप लावण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आशाताईंना सांगितले तरी त्या मार्ग दाखवतील.
- हाताला किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा, बोटे वाकणे, भुवयांचे केस जाणे, कानाच्या पाळ्या जाड होणे ही लक्षणे आठवड्याभरात दाखवण्यासारखी आहेत.
- एमडीटी सुरू झाल्यावर लघवी लालसर होते, कातडी काळवंडते. हे गोळ्यांमुळे होते आणि उपचार संपल्यावर जाते. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मात्र कावीळ, अंगभर पुरळ किंवा खूप थकवा आला तर लगेच डॉक्टरांना गाठा.
- उपचार सुरू झाला की रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकर थांबतो. त्याचे ताट-अंथरूण वेगळे करू नका. घरातल्या बाकीच्यांची तपासणी मात्र करून घ्या.
- निर्गुडीचा शेक, जेवणातली हळद, आवळा हे चालू ठेवायला हरकत नाही. बधिर कातडीवर मात्र गरम शेक देऊ नका. भाजलेले कळत नाही आणि जखम होते.
- रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर हळदीच्या कॅप्सूल, कारल्याचा रस किंवा गुळवेल घेण्यापूर्वी विचारा.
- ज्या औषधात काय आहे हे देणारा सांगत नाही, ते घेऊ नका.

शेवटी एक विनंती. दवाखान्यात आल्यावर अनेकजण झाडपाला घेत असल्याचे लपवतात. डॉक्टर रागावतील असे वाटते, आणि कधी कधी आम्ही रागावतोही. ती आमची चूक आहे. तुम्ही काय घेता, किती दिवस घेता, कोणत्या झाडाचे घेता, हे मोकळेपणाने सांगा. जमले तर पाला किंवा पुडी सोबत आणा. भाऊ दाजींनी झाडपाल्याला कमी लेखले नाही, ही त्यांच्याकडून आम्ही डॉक्टरांनी घ्यायची गोष्ट. आणि औषध गुप्त राहिले की त्याचा खरा गुण कधीच कळत नाही, ही त्यांच्या अनुभवातून आपण सगळ्यांनी घ्यायची गोष्ट. तो चट्टा आजच दाखवा.